इंजिनाची आरती

"हुंगून बग," जनार्दन म्हणाला आणि बाटली त्याने माझ्या नाकाशी धरली.

मी अंगणात सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, निवडत बसले होते. पावसाळ्याचे दिवस, होड्या वर ओढलेल्या, दर्या बंद, त्यामुळे घरात खायला तेवढंच. मी मान मागे घेतली.

"कसलो वास येता?"

"जळक्या चपलांचो."

"खुळे, डिझेल आसा ता. दर्यान दिलेला."

बाटलीतलं तेल मधासारखं दिसत होतं. खरंच सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू. उन्हात धरलं तर पलीकडचा माड दिसायचा. जनार्दन ती बाटली अशी काही हलवत होता, की पहिल्यांदा बाप झालेला माणूस बरा.

जनार्दन माझा नवरा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे, आमच्यात तशी पद्धत नव्हती. आता घेते. सासूबाई गेल्या, दीर गेले, ऐकून नाक मुरडणारं कोणी उरलेलं नाही.

आमचा ट्रॉलर होता, 'सातेरी प्रसाद'. थोरले दीर बाबल त्याचे तांडेल, म्हणजे दर्यावर त्यांचा शब्द शेवटचा. इंजिन जनार्दनकडे. तो कुडाळला फिटरचं काम शिकून आलेला, आणि कुठलंही यंत्र बघितलं की ते उघडून बघितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. त्या वर्षी हंगामभर जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त आलं होतं. दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, फाटकी नायलॉनची जाळी. बाकीचे खलाशी शिव्या घालून ते परत पाण्यात टाकायचे. जनार्दन मात्र पोती भरून घरी आणायचा आणि म्हणायचा, "मासे मिळनत नाय तर पिशयेच पकडूया." सगळे हसायचे. मीसुद्धा.

मग त्याने खरंच भट्टी घातली. मोडीत निघालेल्या बर्फाच्या कारखान्यातलं जाड पत्र्याचं पिंप आणलं, त्याला बोल्टांनी आवळायचं झाकण केलं आणि झाकणातून नळी काढून ती पाण्याच्या टाकीतून फिरवली. पिंपात प्लास्टिक ठासून भरायचं, खाली नारळाची सोडणं आणि करवंट्या पेटवायच्या. आत हवा नसल्यामुळे प्लास्टिक जळत नाही, वितळतं, उकळतं, त्याची वाफ होते. ती वाफ नळीतून थंड झाली की दुसऱ्या टोकाने तेल ठिबकतं. पहिलं तेल डांबरासारखं काळं निघायचं. ते पुन्हा उकळलं की असं मधाच्या रंगाचं. आधी पातळ येतं, पेट्रोलसारखं भर्रकन उडून जाणारं, मागून दाट येतं. जनार्दन सगळं एकाच कॅनमध्ये धरायचा. दर्याने दिलेलं टाकायचं कशाला, असं त्याचं म्हणणं.

प्लास्टिक कापून द्यायचं काम माझं. माझ्या हातांना तो वास असा चिकटला होता, की भाकरी थापताना मला माझीच किळस यायची. पण तो इतका खुशीत होता, की मी तक्रार केली नाही. आमचं लग्न होऊन फार वर्षं झालेली नव्हती आणि त्याला खुशीत बघायची मला सवय लागली होती.

त्याने ते तेल जुन्या इंजिनात घालून बघितलं. इंजिन चाललं. बाबलभावजी कमरेवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "धूर वायच काळो आसा. पण चलता बरा." भावजींच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. त्याच संध्याकाळी ठरलं, नारळी पौर्णिमेला 'सातेरी प्रसाद' घरच्या तेलावर सुटणार.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या बंदरावर डिझेलला कोणी घाबरत नसे. पुरुष डिझेलने हात धुवायचे, त्यातच बिडी विझवायचे. मी नवी नवरी असताना जनार्दनने मला बंदरावर नेलं आणि डिझेलच्या डब्यावर पेटती काडी धरली. मी किंचाळून डोळे मिटून घेतले. त्याने काडी आत टाकली, ती चुर्र करून विझली, आणि अख्खा धक्का माझ्यावर हसला. प्रत्येक नव्या नवरीची अशी गंमत करायचे तिथे. त्यानंतर मीही घाबरायची थांबले.

म्हणून त्या संध्याकाळी जे बघितलं ते माझं मलाच पटेना. तेलाची फडकी धुवायला एका बादलीत टाकली होती, अंगणाच्या वरच्या कडेला. मी पार खाली, माडाशी, डासांसाठी सोडणांचा धूर करायला काडी ओढली. सोडणं पेटायच्या आधीच जमिनीवरून काहीतरी निळं सरसरत वर गेलं. बघेपर्यंत ते बादलीशी पोचलं आणि फडकी भडकली. मी वाळू ओतून विझवलं. वारा नव्हता. माझ्या हातातली काडी माझ्या हातातच होती.

जनार्दन आला तेव्हा मी अजून बादलीवर वाळू ओतत होते.

"अवो, ह्या तेल डिझेलासारख्या नाय. आग हयसून थय धावत गेली."

"आग काय कुत्रो आसा, धावाक?"

"मस्करी करू नकात. मी बगलंय."

"ठिणगी उडाली असतली गो."

मी त्याला नळीपण दाखवली. ज्या रबरी नळीने तो कॅन भरायचा, ती फुगून मऊ झाली होती, उकडलेल्या रताळ्यासारखी. बोटाने दाबली की खड्डा पडायचा. डिझेलने नळीचं असं कधी झालं नव्हतं, आणि होडीच्या इंजिनालाही तसलीच नळी होती. त्याने ती हातात घेतली, दाबली, आणि क्षणभर त्याच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं, आता हा विचार करील. पण तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली आणि त्याने नळी खुंटीला अडकवली.

"नवी घालतंय," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. इंजिनाची आरती. हंगामाच्या पहिल्या दिवशी घरच्या बायका होडीवर चढतात, एरवी आम्हाला तिथे मज्जाव. नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, कापूर पेटवायचा, नारळ फोडायचा, आणि मग थोरल्या सुनेने ते पेटतं ताट घेऊन मागे इंजिनाच्या खणात उतरायचं. शिडीने, एका हाताने ताट सांभाळत. खाली इंजिनाला हळदकुंकू लावून आरती ओवाळायची. आमच्या घरची थोरली सून म्हणजे इंदूवैनी, माझी जाऊ. मी या घरात आले तेव्हा मला पहिला चहा तिने दिला होता आणि सासूबाईंच्या तोंडापासून कितीदा तरी तिनेच वाचवलं होतं. इंदूवैनी पेटतं ताट घेऊन त्या बंद खणात उतरणार, आणि तिथे हे तेल असणार.

"पुजा झाली की मगे टाकी भरा," मी जनार्दनला म्हटलं. "माझ्यासाठी."

"बरा बाई. मगेच भरतंय."

"शपथ?"

"तुझी शपथ," तो म्हणाला आणि माझं नाक ओढलं.

पौर्णिमेच्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. सगळं बंदर पताकांनी भरलेलं, ढोल वाजत होते. 'सातेरी प्रसाद'ला जनार्दनने निळा रंग दिला होता. आम्ही बायका फळीवरून चढलो. सासूबाई विधवा, त्या धक्क्यावरच थांबल्या, पण नजर सगळीकडे. जनार्दन नवीन शर्ट घालून उभा होता आणि शर्टाच्या पुढच्या बाजूला तेलाचे मोठे ओले डाग होते.

मी ते डाग बघितले आणि सरळ त्याच्यापाशी गेले.

"तेल खय सांडला अंगार?"

तो हसला. "टाकी भरताना. सकाळीच भरलंय."

"तुमी शपथ घेतलात!"

"आये म्हणाली, टाकी रिकामी ठेवन पुजा कशी करतलंस? रिकाम्या पोटान इंजिनाक हाक मारूची?" त्याने खांदे उडवले. "बरोबर आसा ना ता?"

रिकाम्या भांड्याची पूजा आमच्यात कोणी करत नाही. सासूबाईंचं चुकलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते डिझेलच होतं.

"इंजिनाची नळी? नवी घातलात?"

"दुकान बंद होता. उद्या घालतंय."

नाळीवर कापूर पेटला. नारळ फुटला, सगळ्यांनी 'सातेरी माते' म्हणून आरोळी दिली. बाबलभावजी मागे गेले आणि त्यांनी इंजिनाच्या खणाचं झाकण उचललं. सकाळपासून उन्हात बंद असलेला खण. मी झाकणाच्या शेजारीच पाण्याची कळशी घेऊन उभी होते, इंजिनाचे पाय धुवायला. आतून गरम वाफ वर आली आणि माझ्या पायांना लागली. डोळ्यांत पाणी आलं. जळक्या चपलांचा वास, पण असा दाट की चव लागावी. भावजींनीही तोंड फिरवलं.

इंदूवैनी नाळीवरून निघाली होती. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात ताट, ताटात कापराची ज्योत. ती हळूहळू येत होती, ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून दुसरा हात आडवा धरून.

"वैनी, थांब!" मी ओरडले.

ढोल वाजत होते. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसली. तिला वाटलं, मी हौसेने हाक मारतेय.

"वैनी, पुढे येव नको!"

ती आलीच. मी जनार्दनकडे बघितलं, भावजींकडे बघितलं. कोणाचाच चेहरा बदलला नव्हता. जगात फक्त मलाच ते निळं दिसत होतं, जमिनीवरून सरसरत जाणारं.

मी पुढे धावले आणि अख्खी कळशी ताटावर ओतली.

कापूर विझला. कुंकू वाहून वैनीच्या साडीवर आलं. अक्षता फळ्यांवर पसरल्या. ताट तिच्या हातातून पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ढोल एकेक करून थांबले.

दर्यावरच्या माणसांसाठी याच्यापेक्षा वाईट काही नाही, हे मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी, नाळीवरची, इंजिनाची आरती विझवायची. तीही घरच्याच सुनेने. सासूबाई धक्क्यावर मटकन खाली बसल्या. नुसता हात माझ्याकडे करून राहिल्या.

"हेमा," जनार्दन म्हणाला, अगदी हळू. "ह्या काय केलंस?"

"खाली वास बगा. आग लागली असती. वैनी गेली असती."

"डिझेलाक आग?"

"ता डिझेल नाय!"

बाबलभावजींनी झाकण खाली सोडलं. "आज होडी सुटूची नाय," ते म्हणाले. बस्स, एवढंच. तांडेलचा शब्द. त्या वर्षी बंदरातली फक्त आमची होडी सुटली नाही. बाकीचे ट्रॉलर आमच्या शेजारून गेले, तेव्हा त्यांवरच्या खलाशांनी आमच्याकडे बघणंही टाळलं.

आम्ही उतरलो. धक्क्यावर लोक गोळा झाले होते. भिकूतात्या नावाचा एक म्हातारा होता, त्याला कोणाची लाज काढायला नेहमीच वेळ असायचा. तो तंबाखू मळत म्हणाला, "जना, तुझ्या तेलार तुझ्या बायलेचोच भरवसो नाय. मगे आमी कित्या ठेवचो?"

लोक हसले. फार नाही, थोडेच. पण जनार्दनचा चेहरा मी बघितला. महिनोन् महिने त्याने त्या भट्टीपुढे कातडी भाजून घेतली होती, गावभर चेष्टा सोसली होती, आणि आज त्याचा दिवस होता. तो मी सगळ्यांसमोर पाण्यात घातला होता. तो वळला आणि धक्क्यावर ठेवलेला उरलेला कॅन त्याने उचलला.

"इश्वास नाय? थांबा."

त्याने एका रिकाम्या डब्यात तेल ओतलं. मधासारखं. खिशातून काडेपेटी काढली. त्याच्या डोक्यात काय आलंय ते मला समजलं. इथे प्रत्येक पुरुषाच्या डोक्यात तेच आलं असतं. मी त्याचा हात धरला.

"नको. पाया पडतंय. नको."

"सोड."

"तुमचो शर्ट ओलो आसा. शर्ट तरी काडा आदी."

"आदी आरती इजवलंस," तो म्हणाला, "आता माका इजवतलंस?"

त्याने हात झटकला. मी पडले. मी उठायच्या आत त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तसाच हसला, जसा मला नवी नवरी असताना हसला होता.

"बगा रे. डिझेलात काडी इजता."

त्याने काडी ओढली.

पुढचं मी सांगत नाही. लोकांनी वाळू टाकली, ओली गोणपाटं टाकली, बाबलभावजींनी आपल्या हातांनी त्याचा शर्ट सोलून काढला आणि त्यांचे हात जन्मभरासाठी आखडले. सगळं लगेच झालं, आणि तरीही उशिरा.

गोव्याच्या इस्पितळात त्याला ठेवलं. मी बाहेरच्या बाकावर बसून असायचे. शेवटी शेवटी त्याने मला आत बोलावलं. त्याचा चेहरा पट्ट्यांत होता, डोळे तेवढे दिसत होते. मला वाटलं, रागवेल, किंवा काही मागेल.

"हेमा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुखणं कमी आणि नवल जास्त होतं. एखाद्या यंत्रातली चूक शेवटी सापडली की तो असंच बोलायचा. "काडी पोचूक नाय गो. डब्यापर्यंत पोचूकच नाय. आदीच वाफ पेटली..."

"माका ठावक आसा," मी म्हटलं.

"तू बरोबर व्हतंस. खाली खणात..." तो थांबला. "वैनी."

"वैनी बरी आसा."

त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तो गेला.

तेरावं झाल्यावर मी बंदरावर गेले तर बाबलभावजी एकटेच 'सातेरी प्रसाद'च्या खणात उतरले होते. पट्ट्या बांधलेल्या हातांनी लाकडाचा भुसा टाकून तळ पुसत होते. इंजिनाची रबरी नळी त्यांनी कापून वर फेकली होती, फुगून फाटलेली. खणाच्या तळाशी तेल साचलेलं होतं, पाऊल भिजेल एवढं. त्यांनी वर बघितलं आणि मी दिसले.

"आयेक सांगू नको," ते म्हणाले.

मी मान हलवली. सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी सुटले असते. आणि सासूबाईंनी उरलेलं आयुष्य या विचारात काढलं असतं, की आपला धाकटा मुलगा घरच्या सुनांना आणि खलाशांना घेऊन जळणार होता, आणि टाकी भरायला आपणच सांगितलं. त्यापेक्षा मी बरी. मला दोष देऊन त्यांना रडता येत होतं.

"हिना आरती इजवल्यान," त्या येईल त्याला सांगायच्या, "नि माझो झील इजलो." मी पलीकडे भांडी घासत ऐकायचे. त्या जाईपर्यंत त्यांना जेवण मीच वाढलं. माझ्या हातचं खायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. राग आला का? आला. रात्र रात्र आला. पण जनार्दनचं नाव त्या घेत होत्या तेव्हा त्यात एकही डाग नव्हता, आणि ते मला हवं होतं.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला इंदूवैनी ताट घेऊन होडीवर चढली. मी घरी होते, मला नेत नसत. तिने कापूर पेटवला नाही. ताटात नुसती जास्वंदीची फुलं घेऊन ती खणात उतरली आणि वर येऊन सगळ्यांना म्हणाली, "आमच्या इंजिनाक आग नको. फुला पुरे." का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. फक्त घरी येऊन त्या ताटातलं एक फूल माझ्या पुढ्यात ठेवलं आणि मला जवळ घेऊन खूप रडली.

इतर होड्यांवरही मग कापूर बंद झाला. घाबरून. आमच्या घरावर आलेलं आपल्यावर नको, म्हणून.

आता बरीच वर्षं झाली. गेल्या पौर्णिमेला मी धक्क्यावर उभी होते. एक नवी नवरी ताटात कापूर घेऊन आली होती, लांबच्या गावची. शेजारच्या बाईने घाईघाईने तिचा हात धरला.

"इंजिनाक कापूर नाय पेटवचो हय."

"कित्या?"

"खूप वर्सामागे एका अवदसेन इंजिनाची आरती इजवल्यान. तिचो घोव जळान मेलो. तेवापासना इंजिनाक आग मानवणा नाय."

त्या बाईचा जन्म तरी झाला असेल का तेव्हा, कोण जाणे. तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. नवरी माझ्याकडे बघायला लागली, म्हातारी आहे, हिला खरं माहीत असेल म्हणून.

"खरा आसा ता, आजये?"

"खरा आसा," मी म्हटलं. "मी बगलंय."

आणि तिच्या ताटातली काडेपेटी काढून घेतली.